किल्ली मुकी झाली तर

श्रोतेहो, नमस्कार.

मी सोलापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत माझा फोन रात्री उशिरापर्यंत वाजत असतो. एकदा असाच अकराच्या सुमाराला एक फोन आला. होम मैदानावर जत्रा बघून परतलेलं कुटुंब होतं. लेकरू खांद्यावर झोपलेलं, आजी थकून फुटपाथच्या कडेला बसलेली, आणि गाडीचं दार काही उघडेना. "अण्णा, बटण दाबून दाबून अंगठा दुखायलाय. काच फोडू का?"

मी म्हटलं, "काच कशाला फोडता मालक? किल्लीच्या कडेला बारीक खटकी असेल बघा. ती सरकवा आणि वरचं टोक ओढा." थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "अण्णा, ह्याच्या आत चावी हाय की!"

चार वर्षं ती गाडी त्यांच्या दारात होती. किल्लीच्या पोटात लोखंडी किल्ली आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या चावीनं दार उघडलं. भोंगा वाजायला लागला, तो गाडी सुरू झाली की थांबतो. मग ब्रेकवर पाय ठेवून किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवायला सांगितली. गाडी सुरू झाली. बिघडलं काय होतं, तर सेल संपला होता.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं, कारण रिमोट बंद पडला की माणूस घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाचा खर्च वाढतो. तुमच्या हातातल्या किल्लीत तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत, एवढं लक्षात ठेवा. एक, दार उघडणारा रिमोट, तो सेलवर चालतो. दुसरी, इंजिनाला परवानगी देणारी चिप. तिला सेल लागतच नाही. आणि तिसरं, लोखंडी पातं. रिमोट गप्प झाला तरी उरलेल्या दोघी शाबूत असतात.

रिमोट म्हणजे काय, हे आकाशवाणीच्या श्रोत्यांना समजवायला सोपं आहे. ते एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि गाडी तेच केंद्र लावून बसलेली असते. म्हणून टीव्हीचा रिमोट तपासतो तसा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून काही दिसणार नाही. तिथं अदृश्य प्रकाश असतो, इथं रेडिओच्या लहरी. आणि म्हणूनच कधी कधी एखाद्या विशिष्ट जागीच रिमोट चालत नाही. आसपास त्याच पट्ट्यातलं दुसरं यंत्र बोलत असलं की गाडीला आपल्या किल्लीचा आवाज ऐकू येत नाही. घरासमोर चालतो आणि बाजारात एकाच ठिकाणी अडतो, असं झालं तर किल्ली उघडू नका. गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबून बघा.

मग बिघाड किल्लीत की गाडीत, हे कसं ओळखायचं? कपाटातली दुसरी किल्ली आणा. दुसरीनं दार उघडलं तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी उघडलं नाही तर बहुतेक गाडीची 12 व्होल्टची बॅटरीच उतरलेली असते. आत दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का, बघा. अशा वेळी रिमोटवर पैसे घालवणारे लोक मी पाहिलेत, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

सेल संपत आल्याची खूण आधीच मिळते. पंधरा पावलांवरून उघडणारं दार पाच पावलांवर आलं, मग काचेला चिकटून दाबावं लागलं, म्हणजे सेल उतरतोय. किल्लीवरचा लाल दिवा लागतो म्हणून सेल चांगला, असं समजू नका. दिव्याला जेवढी ताकद लागते तेवढ्यात लहर लांब जात नाही. मीटर लावून तीन व्होल्ट दाखवला तरी फसायला होतं, कारण काम नसताना थकलेला सेलही पूर्ण आकडा दाखवतो. बटण दाबताक्षणी तो खाली बसतो.

आता सेलचा आकडा. इथं सगळ्यात जास्त चूक होते. सेलवर 2032 लिहिलेलं असतं. त्यातले 20 म्हणजे व्यास, 20 मिलिमीटर. 32 म्हणजे जाडी, 3.2 मिलिमीटर. दुकानात तो नसला की 2025 हातात देतात. तो तेवढाच रुंद, तेवढ्याच तीन व्होल्टचा, पण जाडी अडीच मिलिमीटर. बसतो, चालतोसुद्धा. मात्र आतली पत्र्याची पट्टी त्याला नीट दाबून धरत नाही. मग किल्ली झटकली की चालते, खिशातून काढली की बंद. "नवीन सेल टाकलाय की परवाच" असं सांगत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या किल्लीत हा बारका सेल निघतो. जुना सेल सोबत नेऊन आकडा जुळवूनच घ्या, आणि पाकिटावरची तारीख वाचा. बोटाचा घाम सेलवर लागू देऊ नका, कडेला धरा. टाकताना अधिकची खूण जुन्या सेलसारखीच त्याच बाजूला आली पाहिजे.

सेल बरोबर टाकूनही एकच बटण चालत नसेल, म्हणजे बंद होतं पण उघडत नाही, तर सेलला दोष देऊ नका. त्या बटणाखालचा बारीक स्विच झिजलेला असतो. मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर तो डाग देऊन बदलून देतो. त्यासाठी नवी किल्ली घ्यायला लागत नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. एका गृहस्थांनी किल्लीचं घासलेलं कव्हर बदलून चकचकीत नवं बसवून घेतलं. रिमोट चालला, दार उघडलं, स्टार्टर फिरला, पण इंजिन काही पकडेना. डॅशबोर्डवर किल्लीची खूण लुकलुकत होती. कव्हर बदलणाऱ्यानं सर्किट नव्या कव्हरात बसवलं, पण कोपऱ्यात वेगळी चिकटवलेली तांदळाएवढी चिप जुन्या कव्हरातच राहिली, आणि ते कव्हर कचऱ्यात गेलं. ही चिप म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी किल्लीवर इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, ओळखचिठ्ठी. किल्ली घालतो त्या इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. नंबर जुळल्याशिवाय इंजिन चालत नाही. त्या गृहस्थांनी कचऱ्याची पिशवी उपसून ते कव्हर शोधून काढलं, तेव्हा गाडी चालली. ती पिशवी सकाळीच घंटागाडीत गेली असती तर हजारो रुपयांना पडलं असतं. तेव्हा कव्हर बदलताना जुनं कव्हर हातातून सोडूच नका, आधी गाडी सुरू करून बघा.

लहान मुलं खेळताना गाडीपासून लांब शेकडो वेळा बटण दाबतात. प्रत्येक दाबाला रिमोट नवा गुप्त आकडा पाठवतो, म्हणजे कुणी पकडलेला जुना आकडा चोराच्या कामाचा राहत नाही. पण किल्ली आकडे मोजत फार पुढे निघून गेली तर गाडीला तिचा माग लागत नाही. बऱ्याच गाड्यांत लोखंडी चावीनं दार उघडून किल्ली इग्निशनला फिरवली की दोघं पुन्हा जुळतात. तुमच्या गाडीची नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक डिकीत न ठेवता घरी ठेवा.

किल्ली पाण्यात पडली तर आधी सेल काढा. मग कोरड्या कापडानं पुसून सावलीत दोन दिवस ठेवा. आपलं मे महिन्यातलं ऊन चाळिशी पार करतं, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किल्ली ठेवणंही बरं नाही, सेल लवकर उतरतो.

आणि काढलेला जुना सेल. श्रोतेहो, हे शेवटी सांगतोय पण मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच आहे. तो टेबलावर, गादीवर पडू देऊ नका. लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. सेल संपलेला असला तरी भाजतं. असा संशयही आला तर उलटी करवू नका, घरगुती उपाय करू नका, त्या क्षणी सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा आणि सेल गिळलाय हे आधी सांगा. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही असा वर ठेवा आणि पुढे इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या.

आज रात्री कपाटातली दुसरी किल्ली काढा आणि खाली जाऊन एकदा दार उघडून बघा. नमस्कार.