इथिओपियन तलवार: सिंह नंतर, आधी पात्याची पाठ बघा

नमस्कार मंडळी. लिलावाच्या यादीत 'इथिओपियन तलवार, एकोणिसावं शतक' असं छापलेलं असतं, फोटोत पात्यावर मुकुट घातलेला सिंह असतो आणि आपण मान डोलावून मोकळे होतो. जरा थांबा. तलवार इथिओपियाची असेलही, पण पातं जर्मनीच्या झोलिंगेनचं, फ्रान्सचं किंवा इंग्लंडचं निघू शकतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मराठ्यांच्या फिरंगेचंही पातं युरोपातलं आणि मूठ इथली असायची. तिकडे हा प्रकार विसाव्या शतकापर्यंत चालला, एवढाच फरक.

सोप्यापासून सुरू करू. स्क्रीनवर आहे ती शोटेल. विळ्यासारखी वळलेली, दोन्ही बाजूंना धार, मूठ साधी, हाताला आडोसा नाही. समोरच्याच्या ढालीच्या कडेवरून टोक आत घालायचं, यासाठी हा बाक. इथिओपियाच्या गोंदर भागात बेटा इस्राएल या तिथल्या ज्यू समाजाचे लोहार लोखंडकामासाठी प्रसिद्ध होते. हातानं घडवलेल्या पात्याचा मधला कणा डोळ्यासमोर धरून बघा. तो कुठेतरी किंचित भरकटतो, जाडी कमीजास्त होते. कणा आखून काढल्यासारखा असेल तर पातं बाहेरून मागवलेलं असण्याची शक्यता धरा. युरोपात शोटेलसुद्धा बनवून मिळायची.

खरी गंमत गुराडेमध्ये. ही घोडदळाच्या तलवारीसारखी, थोडी वाकडी, एकधारी. हिच्या मुठीकडे नंतर वळू. पातं आडवं धरा, धार खाली, आणि मुठीलगतच्या पाठीवर तिरका प्रकाश टाका. मी फोटो मोठा करतो. कोरलेली बारीक, तिरकी फ्रेंच अक्षरं दिसतायत? हा फ्रेंच सरकारी कारखान्याचा शिक्का: कारखान्याचं नाव, गाव आणि बऱ्याचदा महिना-वर्ष. गाव क्लिंगेंथाल असेल तर पातं 1830च्या दशकापर्यंतचं, कारण मग तो कारखाना बंद झाला आणि काम शातेलरोला गेलं. वर्ष पुसलं गेलं असेल तरी 'रॉयाल' (राजाचा) की 'एम्पेरियाल' (सम्राटाचा) एवढं वाचता आलं तरी पुरे. 'एम्पेरियाल' आणि शातेलरो एकत्र दिसलं की तिसऱ्या नेपोलियनचा काळ, म्हणजे 1852 ते 1870. मात्र ही तारीख पात्याची आहे, तलवारीची नाही. फौजेतून बाद झालेली पाती पुढे केव्हा तरी समुद्र ओलांडून गेली आणि तिथे त्यांना नवी मूठ बसली.

इंग्लिश पात्यावर फसायला होतं ते ताऱ्यामुळे. मुठीजवळ सहा टोकांचा तारा दिसला की लोक लगेच सॉलोमन राजाच्या वंशाची गोष्ट सांगू लागतात. इथिओपियाचे सम्राट स्वतःला त्या वंशाचे म्हणवत, हे खरं. पण ब्रिटिश तलवारींवर पातं चाचणीत उतरल्याची खूण याच ताऱ्यात असते! विल्किन्सन या इंग्लिश तलवार कंपनीच्या पात्याच्या पाठीवर आकडा असला तर कंपनीच्या जुन्या वह्यांवरून वर्षही काढता येतं.

आता सिंह. तो आम्लानं उठवलेला असेल तर रेषा उथळ, करड्या, एकसारख्या दिसतात. छिन्नीनं कोरलेला असेल तर नखाला खाच लागते. झोलिंगेनची पाती इथिओपियन बाजारासाठीच बनत, यहुदाचा सिंह म्हणजे सम्राटांचं राजचिन्ह आणि अम्हारिक किंवा गीझ या तिथल्या भाषांमधली अक्षरं जर्मनीतच उठवून. म्हणजे अक्षरं इथिओपियन, हात जर्मन. मजकूर वाचून घ्या. सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या नावापुढे 'न्गुसे नेगेस्त', राजांचा राजा, असेल तर पातं 1889च्या आधीचं नाही, तोवर तो शेवा या इथिओपियातल्या प्रांताचा राजा होता. आणि तेवढ्यावरून 'अडवाच्या लढाईत वापरलेली', म्हणजे मेनेलिकनं इटलीच्या फौजेला हरवलं त्या लढाईतली, असं म्हणत कुणी भाव वाढवला, तर 1 मार्च 1896 ला ती तिथे होती हे सिद्ध करायला त्याच्याकडे काय आहे, हे विचारा. सिंह तेवढं सांगत नाही.

सरळ, रुंद, दुधारी पातं असेल तर सुदानकडेही बघा. तिथल्या कास्कारा नावाच्या सरळ तलवारींची पाती सरहद्दीवरून इकडे-तिकडे जात. 1889 मध्ये मेटेम्माला सुदानच्या महदीपंथी फौजेशी लढताना सम्राट योहान्नेस चौथा जखमी होऊन मेला, इतकी ती सरहद्द जिवंत होती.

आता मूठ. तिच्या टोकाला कधीकधी नाणं बसवलेलं असतं, ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचं थेलर हे चांदीचं नाणं. त्यावर 1780 असतं आणि विकणारा ते अभिमानानं दाखवतो. हे नाणं तोच आकडा ठेवून पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पाडलं जात होतं. त्याच्यावरून तारीख काढू नका. शिंगाची मूठ असेल तर कापलेल्या टोकाला भिंग लावा. केसांच्या जुडग्यासारखे बारीक ठिपके दिसले तर शिंग गेंड्याचं असू शकतं, म्हशीच्या शिंगात ते नसतात. गेंड्याचं निघालं तर देशाबाहेरून मागवण्याआधी वन्यजीव कायद्याची चौकशी करा, नाहीतर तलवार कस्टममध्येच अडकेल.