मोगलीपासून मागे मागे: जुन्या ॲनिमेचं वेड

1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा तेव्हा आपल्याकडच्या पोरांना कुठे माहीत होतं की हे जपानी काम आहे, कारण गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची आणि शेरखान बोलायचा तो थेट नाना पाटेकरांच्या आवाजात, त्यामुळे तो सगळ्यांना आपलाच वाटला. पण ती सिरीज बनली होती जपानमध्ये, निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या स्टुडिओत, 1989 मध्ये, 52 भाग. मी त्याच पिढीतला. हे कुणी बनवलं, त्याआधी काय बनवलं होतं, असं शोधत मागे मागे गेलो आणि जुन्या ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, जो रमलो तो अजून तिथेच आहे.

मागे गेलं की आधी भेटते हायडी, स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या मुलीची सिरीज, 1974 ची. हिच्या टीममधूनच पुढच्या वर्षी निप्पॉन ॲनिमेशन उभं राहिलं. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि कॅमेरा कुठे असणार, घर कुठे, मागचा डोंगर किती दिसणार, ही प्रत्येक शॉटची मांडणी म्हणजे लेआउट, सगळ्या 52 भागांचं, हायाओ मियाझाकींनी केलं, हे दोघं म्हणजे पुढे स्टुडिओ जिब्लीवाले. दर आठवड्याला एक भाग द्यायचा असताना! त्याआधी 1973 मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, झोपड्या, कुरणं स्वतः बघून आली होती, टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्टूनसाठी एवढी मेहनत घ्यायची पद्धत तेव्हा नव्हतीच.

आता हा सीन बघा. आजोबा चीजचा तुकडा विस्तवावर धरतात, कड आधी नुसती चकाकते, मग मऊ पडते, मग ते चीज ब्रेडवर पसरतं आणि हायडी डोळे मोठे करून बघत बसते. बस एवढंच. गोष्ट पुढे सरकत नाही, कुणी कुणाला मारत नाही, आणि तरी जपानमध्ये पन्नास वर्षांनंतरही लोक त्या चीजबद्दल बोलतात. माझ्या मते ॲनिमेचा फॅन अशाच सीनमध्ये तयार होतो, मोठ्या फायटिंगमध्ये नाही.

बरं अशी कमी हालचालीत गोष्ट सांगायची सवय आली कुठून, तर पैशाच्या टंचाईतून. 1 जानेवारी 1963 ला कॉमिक्सकार ओसामु तेझुकांचा ॲस्ट्रो बॉय, एका रोबो मुलाची सिरीज, टीव्हीवर आला. मोठ्या सिनेमात सेकंदाला 12 ते 24 चित्रं लागायची, इथे सेकंदाच्या 24 फ्रेमपैकी एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचे, म्हणजे सेकंदाला फक्त 8. चेहरा स्थिर आणि तोंड तेवढं हलतंय, पात्र तसंच आणि मागचं चित्र सरकतंय, एकदा काढलेलं उडणं दहा ठिकाणी परत वापरलंय, असं सगळं. मियाझाकींनी या स्वस्ताईवर पुढे उघड टीका केली आणि मला ती पटते, कारण कमी पैशात काम करायचा जो पायंडा पडला त्याचा भार चित्रं काढणाऱ्यांवरच आला. पण त्याच सवयीतून एक गोष्ट सगळेच शिकले, कुठे चित्रं खर्च करायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा. म्हणून जुन्या ॲनिमेत माणसं बराच वेळ नुसती उभी असतात आणि मग एकदम केस उडतात किंवा हात थरथरतो, तेव्हा ते आपल्याला लागतं.

आणि हे सगळं हाताने. पारदर्शक शीटवर, म्हणजे सेलवर, पुढून रेषा आणि मागच्या बाजूने रंग, जेणेकरून रेष झाकली जाऊ नये, खाली वेगळं रंगवलेलं बॅकग्राउंड, आणि वरून कॅमेरा. मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’ या सिनेमातली, बॅकग्राउंड रंगवणाऱ्या काझुओ ओगांची झाडं, आकाश, ओली माती बघा, हे पोस्टर कलरमध्ये केलंय, आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला घेऊन जायचो ना, तोच प्रकार. मला तर अजून ते शेवाळ बघितलं की पॉज करावंसं वाटतं. टीव्हीवर सेल सगळ्यात शेवटपर्यंत वापरला साझाए-सान या जपानी मालिकेने, तोही 2013 मध्ये संपला.

आपल्याशी याचं आणखी एक थेट नातं आहे, 1992 चा रामायण सिनेमा. दिग्दर्शक युगो साको जपानचे, ॲनिमेटर राम मोहन आपले, आणि दोन्हीकडचे ॲनिमेटर एकत्र. धोतर कसं नेसतात, मोठ्यांकडून आशीर्वाद कसा घेतात हे आपल्या लोकांनी जपानी कलाकारांना दाखवलं आणि त्यांनी ते कागदावर उतरवलं. तेव्हा या सिनेमाला इथे नीट थिएटर मिळालं नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो टीव्हीवरच पाहिला. जानेवारी 2025 मध्ये तो 4के करून पहिल्यांदा रीतसर देशभर लागला. अजून पाहिला नसेल तर मोठ्या टीव्हीवर लावा, घरातल्या लहानांना बरोबर बसवा, आणि युद्धाचे सीन येतीलच, पण त्याआधी अयोध्येतले सीन घाईत पुढे ढकलू नका.