दिवेलागणीनंतरचं संग्रहालय

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि छत्र्या दाराशी निथळत ठेवून आत आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘संग्रहालयातील विनामूल्य कलासंध्या : स्वरूप आणि नियोजन’. नियोजनाकडे मी येणारच आहे. त्याआधी तुम्हाला एका हातमागाशी नेते, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथं शिरला.

मी आपल्या बेळगावातल्या वडगावची, विणकराची मुलगी. आमच्या सोप्यातच माग होता, खड्ड्याचा. आप्पा सकाळी खड्ड्यात पाय सोडून बसले की जेवणापुरते वर यायचे. इरकली पदराची लुगडी विणायचे. सूत सावकाराचं, मजुरी नगावर. माग थांबला की मजुरी थांबली, त्यामुळे रजा हा शब्द आमच्या घरात शाळेपुरताच होता. इथं खासबागचे, शहापूरचे बरेच जण दिसतायत; त्यांना हे सांगायला नको. धोट्याचा आवाज बंद पडला की शेजारीण येऊन विचारायची, बरं नाही का कुणाला?

मी दहावीला होते. चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, अमुक शहरातल्या संग्रहालयात जुनी लुगडी ठेवलीत, काठ बघून ये, उतरवून आण. शहराचं नाव मी घेत नाही, त्या एकाच जागेचा तो दोष नव्हता. एका दुपारी सूत आलं नव्हतं. आप्पा उठले, सदरा घातला आणि म्हणाले, “चल, आज जाऊन येऊ.” एसटी वाटेत टायरसाठी थांबली. पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. तिकिटं काढली. आत मूर्ती, नाणी, तलवारी. आप्पांनी तिकडं मान वळवली नाही. “लुगडी कुठं?” एवढंच विचारलं.

काचेच्या पेटीत एक लुगडं घडी घालून, पदर पुढं करून ठेवलं होतं. खाली चिठ्ठी, ‘लुगडे. सूत व रेशीम.’ आप्पा गुडघ्यावर बसले. मग मान वाकडी करून काचेला गाल टेकवला. मला लाज वाटली, लोक बघत होते. ते घडीच्या आतली उलटी बाजू बघायचा प्रयत्न करत होते. विणकर कापड उलटंच बघतो. खोट असली तर तिथंच सापडते आणि कसबही तिथंच.

“हितं बघ पोरी, जोड हाय.”

मला काही दिसेना. त्यांनी काचेवरून बोट फिरवून रेघ दाखवली. इरकली लुगड्यात अंगाचा ताणा सुताचा आणि पदराचा ताणा रेशमाचा असतो. हे दोन ताणे विणण्याआधी एकमेकांत अडकवावे लागतात. अंगाच्या धाग्याचा एक फास, त्यात पदराच्या धाग्याचा फास, असं एकेक करत पन्हाभर. टोपतेणी म्हणतात तो पदर असा होतो. आमच्या घरी हे काम आई करायची. रात्री जेवणं उरकली की भिंतीला पाठ लावून बसायची आणि बोटं चालायची. बोलायची आमच्याशी, बघायची धाग्याकडं. आप्पा म्हणाले, “हे तुझ्या आईचं काम हाय. कुणा बाईनं केलंय, शंभर वर्सं झाली असतील. अजून सुटलं न्हाई.”

आणि दिवा गेला.

गेला म्हणजे घालवला. पाच वाजत आले होते, आणि पहारेकरी एकेका दालनाचं बटण बंद करत निघाला होता. माणूस चांगला होता. “मामा, मला बी घर हाय,” म्हणाला, ते खरंच होतं. आप्पा अंधारात तसेच गुडघ्यावर बसून राहिले. मग उठले. परतीच्या गाडीत एकदाच बोलले, “तुझ्या आईला दाखवायला पायजे होतं.” आईला ते कधी दाखवता आलं नाही. पाचच्या आत मोकळी होणारी बाई आमच्या गल्लीत तेव्हा नव्हती, आजही फारशी नाही.

नंतर चौतीस वर्षं मी चित्रकला शिकवली. मुलांना घेऊन किती संग्रहालयं पाहिली असतील. कित्तूरला तर दरवर्षी. प्रत्येक वेळी मी आधी पाटी वाचते : सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, सोमवारी बंद. ज्या हातांनी आतल्या वस्तू घडवल्या, त्याच हातांचे कामाचे तास हे आहेत. उद्यमबागेतल्या फौंड्रीतला, खानापूरच्या कुंभारवाड्यातला, भाजी विकून येळ्ळूरला परत जाणारी बाई, यांनी जायचं कधी? तिकीट दहा रुपये आहे की पाच, हा पुढचा प्रश्न झाला. आधी घड्याळ आडवं येतं.

हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. 1857 साली लंडनला साउथ केन्सिंग्टनचं संग्रहालय उघडलं, आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ओळखलं जातं. हेन्री कोल नावाचे त्याचे प्रमुख होते. त्यांनी दालनांत गॅसचे दिवे बसवले आणि संध्याकाळी दार उघडं ठेवलं. हेतू उघड होता : दिवसभर राबलेला माणूस बायकापोरांना घेऊन दारूच्या गुत्त्याऐवजी इकडं यावा. 1857 म्हटल्यावर आपल्याला दुसरं आठवतं, ते साहजिक आहे. पुढच्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या नरगुंदच्या संस्थानिकाला, बाबासाहेबांना, याच बेळगावात फाशी दिलं. तिकडं आपल्या कामगाराला चित्रं दाखवायला दिवे लावणारं राज्य आणि इकडं हे, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मी दिवे तेवढे घेते.

आता लंडनचं निघालंच आहे तर तिथल्या आपल्या वस्तूंचं सांगते. आपल्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या मंत्र्यानं बांधलेली. छताला बहात्तर पाकळ्यांचं दगडी कमळ लटकलंय. तीर्थंकर चोवीस; भूतकाळाचे, वर्तमानाचे आणि भविष्याचे धरून बहात्तर. त्याच काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. ते म्युझियम बघायला तिकीट नाही, आणि शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. बेळगावचा दगड लंडनच्या मजुराला कामावरून सुटल्यावर जवळचा आहे! मला याचा राग येतो. आज सभ्य शब्दांत सांगतेय एवढंच.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन म्युझियम. इमारत राजवाड्यासारखी, 1897 ची. आजूबाजूला कॅरिबियन बेटांतून आलेल्या लोकांची मोठी वस्ती. दारासमोरच्या ईस्टर्न पार्कवेवरून त्यांची भली थोरली मिरवणूक निघते, आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांसारखी. म्हणजे मिरवणूक दारावरून जाते आणि माणसं आत येत नाहीत. 1998 मध्ये त्यांनी ठरवलं, महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत सगळं फुकट. दालनं उघडी, शिवाय गाणं, नाच, सिनेमा, व्याख्यान, मुलांना रंग आणि कागद. बरीच वर्षं, सप्टेंबर सोडला तर, हे दर महिन्याला चाललं. एका दुकानसाखळीनं पुढं खर्चाचा मोठा वाटा उचलला. ज्या नाचाला लोक रस्त्यावर जमत होते, तोच आत आणला, आणि नाचून दमलेला माणूस पाणी प्यायला वळला की समोर इजिप्तची मूर्ती.

हे सांगितलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो : आपल्याकडच्या लोकांना रस नाही. हे कडोलीत जाऊन म्हणून दाखवावं. उचगावला म्हणावं, येळ्ळूरला, सांबऱ्याला, बेळगुंदीला म्हणावं. शेतकऱ्यांच्या गावांत साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, लेझीम, मग कथाकथन, कविसंमेलन, दुपारी सगळ्या गावाला जेवण. तिकीट कुणी काढलंय? तिथं गोणपाटावर बसून चार-चार तास कविता ऐकणारी माणसं मी पाहिलीत. रस आहे म्हणून तर अध्यक्ष माईक सोडत नाहीत.

आणि आपण राहतो कुठं? ज्यांच्यापासून संगीत नाटकाची परंपरा रुजली ते अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व सुळेभावीचे, जन्म 1924. त्याच वर्षी डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव. पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे. त्या मांडवात अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल स्वागताला गायल्या, ‘उदयवागली’ हे कन्नड गीत झालं, विष्णु दिगंबरांचा आवाज घुमला. कुणी कुठल्या भाषेत मान डोलावली, हे कुणी मोजलं नाही.

भाषेचा विषय मी टाळून पुढं जाणार नाही. 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात गेलं; तेव्हापासून या भागात पाटीवरचं एक अक्षरसुद्धा दुखऱ्या जागी लागतं. माझी शाळा मराठी, माझं दुःख मराठी, आणि मराठी पाटी मला हवीच आहे. पण आप्पांच्या मागाची निम्मी भाषा कन्नड होती. पारिजात, म्हणजे कृष्णाचं कन्नड लोकनाट्य, बघायला आम्ही कन्नड गावात जायचो आणि कृष्णाची खोडी आम्हाला आमचीच वाटायची. वस्तूखालची चिठ्ठी दोन्ही भाषांत लिहिली तर कागद चार बोटं वाढेल. तेवढी जागा पेटीत आहे.

चिठ्ठी आली. माझ्याच हातात. पाच मिनिटं म्हणतायत सचिव. बरं. मग नियोजन भरभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

वार ठरलेला हवा. महिन्याचा पहिला शनिवार, सहा ते दहा. तारीख बदलायची नाही, पाहुणे मिळाले नाहीत तरी बदलायची नाही. एकादशीचं भजन कुणी पत्रिका छापून कळवत नाही, लोक येतातच. तशी सवय लागायला दोन वर्षं लागतील आणि ती दोन वर्षं वीस माणसांवर चालवायची तयारी ठेवायची.

पहारेकऱ्याला जादा तासांचे पैसे. ही पहिली खर्चाची बाब, मांडवाच्याही आधी. त्या माणसाचं घर आहे.

कलाकाराला मानधन. फुकट आहे ते बघणाऱ्याला. पारिजातवाल्यांना, भजनी मंडळाला, सनईवाल्याला नारळ-शाल देऊन पाठवायचं नाही.

वस्तूशेजारी ती करणारा माणूस बसवायचा. लुगड्याशी विणकर, घड्याशी कुंभार, नाण्याशी सोनार. पदराची उलटी बाजू दिसेल असा आरसा पेटीत ठेवायचा. आरशाला खर्च येत नाही.

मुलांसाठी कागद-खडू. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार रवी परांजपे याच गावचे. पुढचा कुठल्या गल्लीत आहे, कागद दिल्याशिवाय कळायचं नाही. बायकांसाठी स्वच्छ शौचालय आणि बसायला जागा, नाहीतर त्या येणार नाहीत. रात्री परतीच्या बसचं परिवहनवाल्यांशी आधी बोलायचं. माईकचा आवाज दालनात नको, अंगणात. धक्क्यानं काच हलते.

जागा? किल्ल्यातल्या बस्तीत गर्दी करायला मी सांगणार नाही, ती नाजूक आहे. सरकारी दालन मिळालं तर उत्तम, अर्जाचा मसुदा मी आणलाय, कन्नडमध्ये आणि मराठीत. उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही. या वाचनालयाच्या खालच्या सभागृहात चार टेबलं मांडून पहिला शनिवार करता येईल. आईचं एक लुगडं माझ्याकडं आहे, ते मी देते. काचेची पेटी कुणाकडं आहे का? सराफकट्ट्यावरच्या दुकानात जुनी पडली असेल तरी चालेल.

दाराशी छत्र्यांजवळ वही ठेवलीय. नाव, गल्ली, आणि घरातली कुठली वस्तू चार तासांसाठी आणू शकाल ते लिहा. शनिवारी सूत भरायला मला दोन माणसं लागतील. फास घालता येणारी बाई कुणाच्या घरात अजून असेल तर तिचं नाव सगळ्यात वर लिहा.