धुऱ्यावरचे गोटे आणि गवताचे वय

[उन्हाळी नांगरटीचे वावर, तांबडी ढेकळे, धुऱ्यावर रचलेले गोटे]

नांगरटीने वर आलेले गोटे वेचायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेऊन टाकायचे, हे विदर्भातील शेतकरी कुटुंबांचे दर उन्हाळ्याचे काम आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात, पिसदुरा गावाच्या शिवारात चाललेले हेच काम आपण पाहत आहोत. या वावरातील माती काळी नाही. ती तांबडी आणि चिकट आहे, पहिल्या पावसात पायाला धरते आणि वाळली की कठीण ढेकळे होऊन बसते. त्या ढेकळांतून निघणारे काही गोटे हातात घेताच वेगळे वाटतात. एक टोक जाड असते, दुसरे निमुळते. अंगावर लांब खाचा असतात आणि मध्येच कोणी आवळल्यासारखी कंबर दिसते. कुटुंबातील वडीलधाऱ्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर धरलेला गोटा तळहातात मावत नाही. वाहत्या पाण्याने घासून गोट्याला असा आकार येत नाही, कारण हा आकार तो मऊ असतानाच घडलेला आहे.

६ कोटी ६० लाख ते सात कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर वावरणाऱ्या प्राण्यांची ही अश्मीभूत विष्ठा आहे. शास्त्रात तिला कोप्रोलाइट म्हणतात; आपण येथे विष्ठाश्म हा शब्द वापरू. चंद्रपूर जिल्ह्याच्या भूगर्भाचा विषय निघाला की बोलणे कोळशापाशी सुरू होते आणि कोळशापाशीच संपते. परंतु पृथ्वीवर गवत केव्हा आले, या प्रश्नाचे उत्तर बदलण्याइतका पुरावा याच जिल्ह्यातील या तांबड्या मातीने दिला आहे, आणि तो कोणत्याही खाणीतून न निघता वावराच्या धुऱ्यावरून उचलला गेला आहे.

[टेकडीचा उतार, खाली तांबडी माती, वर काळा दगड]

ही तांबडी माती ज्या थरांची आहे, त्यांना लमेटा थर म्हणतात. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून आले. नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवर नांद, डोंगरगाव, पिसदुरा या गावांभोवती त्या काळी एक सखल खोरे होते. पावसाळ्यात त्यात पाणी पसरे, तळी साचत, गाळ बसे, आणि कोरड्या ऋतूत तोच गाळ उघडा पडून तांबडा होई. भारताची भूमी तेव्हा आशियाला जोडलेली नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेली होती आणि उत्तरेकडे सरकत होती. पुढे दख्खनच्या ज्वालामुखींतून लाव्हाचे प्रवाह आले आणि हा गाळ त्यांच्याखाली झाकला गेला. टेकडीच्या माथ्यावर दिसणारा काळा दगड हा त्याच लाव्हाचा आहे. आपल्याकडची काळी कसदार जमीनही त्याच दगडाची झीज होऊन तयार झाली. जेथे हे झाकण पावसापाण्याने निघून गेले, तेथे खालची तांबडी माती उघडी पडली. पिसदुरा अशा उघड्या पडलेल्या जागांपैकी एक आहे.

या शिवारातील जीवाश्मांची पहिली नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे. नागपुरात राहून भूगर्भाचा अभ्यास करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी येथील हाडे गोळा केली. जुन्या इंग्रजी लेखांत गावाचे नाव ‘पिजदुरा’ असे पडले आहे, त्यामुळे जुनी कागदपत्रे धुंडाळणाऱ्याला हे गाव सहजासहजी सापडत नाही. १८७९ मध्ये जीवाश्मांचे इंग्रज अभ्यासक रिचर्ड लायडेकर यांनी येथील शेपटीच्या मणक्यांवरून टायटनोसॉरस ब्लॅनफोर्डाय या डायनासोरचे वर्णन केले. शेजारच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी उत्खनन केले. तेथे लांब मानेच्या एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला, आणि आज तो त्या संस्थेच्याच नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (आयएसआय) आयसीसॉरस म्हणून ओळखला जातो. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव लाभलेला डायनासोर विदर्भातील आहे, ही गोष्ट आपल्या शाळांच्या भिंतींवर लिहिलेली असायला हवी.

[तळहातावर चार गोटे, एकामागून एक]

हाडांकडे लक्ष गेले, तसे ते गोट्यांकडेही गेले. १९३९ मध्ये भूशास्त्रज्ञ चार्ल्स मॅटली यांनी केवळ पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि आकार व बाह्यरूप पाहून त्यांचे प्रकार पाडले. त्यांतील ‘अ’ प्रकारचे विष्ठाश्म सर्वांत मोठे आहेत. त्यांची जाडी दहा सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि त्याच मातीत टायटनोसॉर गटातील डायनासोरांची हाडे सापडतात. या दोन कारणांनी, शिवाय आतील वनस्पतींच्या अवशेषांमुळे, ‘अ’ प्रकारच्या विष्ठेचा संबंध या शाकाहारी डायनासोरांशी जोडला जातो. अर्थात, त्याच पाण्याकाठी कासवेही होती आणि साप होते. येथे सापडलेल्या एका सापाच्या शास्त्रीय नावातच पिसदुरा आले आहे. म्हणून धुऱ्यावरील प्रत्येक गोटा डायनासोरचाच आहे, असे म्हणणे बरोबर होणार नाही.

मॅटलींनंतरची बरीच वर्षे या गोट्यांचे बाहेरचे रूपच अधिक पाहिले गेले. आत काय दडले असू शकते, हे समजून घेण्यासाठी आपण पिसदुऱ्याहून पूर्वेला, धानाच्या पट्ट्यात जाऊ.

[धानाची बांधी, विळ्याने कापणी, नंतर अंगणातील चूल, राखेने घासलेली पितळी घागर]

धान कापणाऱ्या बाया सांगतात की, या कापणीत विळ्याची धार लवकर जाते. पात्यावरून उलटा हात फिरवला, तर कातडीवर बारीक ओरखडा उठतो. चुलीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळून उरलेल्या राखेने पितळेचे भांडे घासले की ते लखलखते, हे तर घरोघरी माहीत आहे. या तिन्ही गोष्टींमागे सिलिका हा एकच पदार्थ आहे. आपल्या नदीतील वाळूही मुख्यतः सिलिकेचीच असते. जमिनीतील पाण्यात सिलिका अत्यल्प प्रमाणात विरघळलेली असते आणि मुळे ती पाण्याबरोबर वर ओढतात. पानातून पाणी वाफ होऊन उडून जाते, सिलिका मात्र पेशींच्या आत साचत राहते, आणि कालांतराने ज्या पेशीत ती साचली त्या पेशीचाच साचा घेऊन घट्ट होते. काचेसारख्या या कणाला फायटोलिथ म्हणतात. पान कुजले, जळले किंवा कोणाच्या पोटातून गेले, तरी हा कण टिकून राहतो. चुलीतील राखेत तो असतो, आणि गुरांच्या शेणातही असतो.

[सूक्ष्मदर्शकाखाली तणसाची राख]

आता पडद्यावर दिसते आहे ती त्याच चुलीतील चिमूटभर राख. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर यांतील बहुतेक कणांची लांबी त्यांपैकी दहा ते पन्नास भागांएवढी भरते. डावीकडे एक कण जपानी पंख्यासारखा पसरट दिसतो. असे मोठे कण भाताचे पान उन्हात गुंडाळून घेणाऱ्या पेशींत तयार होतात. मध्यभागी व्यायामशाळेतील डंबेलसारखे कण आहेत, दोन्ही टोकांना फुगलेले आणि कमरेत बारीक. गवताच्या वेगवेगळ्या गटांत या लहान कणांचे आकार ठरावीक असतात, म्हणून सराव झालेली नजर सुटा कण पाहून तो कोणत्या गटाचा, हे सांगू शकते. भाताच्या गटात हे डंबेल पानाच्या लांबीला आडवे बसतात आणि त्यांची टोके आतून खरवडल्यासारखी दिसतात. ही खूण लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

विष्ठाश्मातून हे कण वेगळे काढणे कष्टाचे असते. आधी गोट्याचा बाहेरील भाग काढून टाकावा लागतो, कारण आजच्या मातीतही आजच्या गवताचे कण असतात आणि त्यांची एवढीशी भेसळसुद्धा सगळे काम व्यर्थ करू शकते. नंतर आतील भाग बारीक करून आम्लात ठेवतात, म्हणजे त्यातील चुना विरघळून जातो. उरलेला गाळ पुन्हा पुन्हा धुतात. मग पाण्याहून बराच जड असा एक द्रव वापरतात. त्यात सिलिकेचे हलके कण वर तरंगतात आणि जड खनिजे तळाशी बसतात. वर तरंगलेला थर काचपट्टीवर घ्यायचा आणि एकेक कण पाहत जायचे. उफणताना वारा धान्यापासून भूस वेगळे करतो, तसेच येथे द्रवाचे वजन करते, फक्त इथे वर आलेल्यालाच मोल असते.

२००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या अभ्यासकांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतील अशा कणांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ताड, सूचिपर्णी वृक्ष आणि रुंद पानांच्या इतर वनस्पती यांच्या कणांबरोबर त्यांना गवताचे कण मिळाले. प्रमाणाने ते थोडे होते, परंतु आजच्या गवतांच्या उपशाखांत बसतील असे किमान पाच प्रकार त्यांत ओळखता आले. त्याआधी गवताचे निर्विवाद जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे मानले जात होते. डायनासोर तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. त्यामुळे डायनासोरांच्या पायाशी गवत दाखवणे ही चित्रकाराची चूक ठरत असे, आणि तज्ज्ञ अशा चित्रांतील हिरवळ खोडून नेचे काढायला सांगत असत. पिसदुऱ्याच्या गोट्यांनी ती खोडलेली हिरवळ परत आणली.

[पुन्हा बांधी, वाऱ्यावर हलणाऱ्या धानाच्या लोंब्या]

पुढचे पाऊल २०११ मध्ये पडले. पिसदुऱ्याच्याच विष्ठाश्मांतून पानांच्या बाह्य त्वचेचे बारीक तुकडे मिळाले, आणि त्या तुकड्यांत सिलिकेचे कण मूळ जागी, रांगेने बसलेले होते. ते डंबेलच्या आकाराचे, टोकांना खरवडल्यासारखे आणि पानाला आडवे होते. भाताच्या गटातील हे सर्वांत जुने अवशेष आहेत, असा निष्कर्ष ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून डायनासोर धान खात होते, असे समजू नये. आपले धान माणसाने निवडून घडवले, आणि तेही फार अलीकडे. या पानाचे नाते त्या धानाच्या दूरच्या पूर्वजांशी आहे. तरीही, ज्या प्रदेशात भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग आज धानावर जगतो, त्याच प्रदेशातील मातीने भाताच्या कुळाचा इतका जुना पुरावा सांभाळून ठेवावा, याचा आनंद आम्ही लपवू इच्छित नाही.

या शोधाचे परिणाम दूरवर जातात. भारताची भूमी एकटी पडलेली असताना येथे गवताचे इतके प्रकार होते, म्हणजे त्या कुळाचा उगम आणखी मागे न्यावा लागतो. ज्वारी, गहू, ऊस, बांबू, हरळी हे सारे त्याच कुळातील आहेत.

विष्ठाश्मांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती कोणत्याही शेतकऱ्याला लगेच समजेल. २००४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पिसदुऱ्याच्या ‘अ’ प्रकारच्या विष्ठाश्मांत बुरशीचे अवशेष आहेत. पिकांवर भुरी आणि करपा आणणाऱ्या बुरशींशी त्यांचे साम्य आहे. अशा बुरशी पानांवर वाढतात, म्हणून हा प्राणी झाडपाला खात होता, असे अभ्यासकांनी मांडले. रोगट पानही त्याने सोडले नाही, एवढे तर यावरून दिसते.

[धुरा, रस्त्याचे काम, भरावात गेलेले दगड]

हे सारे ज्या गोट्यांतून कळले, तशा गोट्यांची जागा आज धुऱ्यावर, विहिरीच्या कठड्यात आणि रस्त्याच्या भरावात आहे. शेतकऱ्याला यात दोष देण्याचे कारण नाही. वखराचा फाळ वाचवायचा तर गोटा बाजूला टाकावाच लागतो. खरी हानी होते ती हौसेने उचलून नेण्याने. शहरातील कपाटात पोहोचलेला विष्ठाश्म दिसायला तसाच राहतो, पण तो कोणत्या थरातून आला, त्याच्याजवळ हाड होते की नाही, माती तांबडी होती की हिरवट, ही माहिती गेलेली असते, आणि त्याचे निम्मे मोल त्या माहितीत होते. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान उभारले आहे. भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा जाहीर केला. वावरातील जीवाश्मांसाठी गावाच्या हाती त्याहून सोपी अशी एक गोष्ट आहे, आणि शेवटच्या दृश्यात ती घडताना दिसते.

[वही, मोजपट्टी, वावरात उकिडवी बसलेली मुले]

ढेकळात अर्धा रुतलेला हा गोटा मुलांनी हलवलेला नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून आधी त्याचे छायाचित्र घेतले. मग वहीत गट क्रमांक लिहिला, वावराचा कोणता कोपरा ते लिहिले, धुऱ्यापासून किती पावले ते लिहिले आणि मातीचा रंग लिहिला. वावराच्या मालकांनी तो गोटा यंदा वखरणीपूर्वी जवळच्याच धुऱ्यावर, चुन्याची खूण करून ठेवायचे कबूल केले आहे. मुलीने विचारले, “काका, अन् याच्या खालचा?” तिने बोट दाखवले तेथे मातीतून दुसऱ्या गोट्याचे निमुळते टोक वर आलेले होते. वहीत त्याला दोन हा आकडा मिळाला.