पडद्याच्या मागच्या अंगाला

(दृश्य: खरी कॉर्नर. सकाळची वेळ. दुकानं अजून उघडायची आहेत.)

चौकात पुढारी उभे करायची आपल्याकडं रीत. कोल्हापुरात एका चौकात कॅमेरा उभा आहे.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ही आठवण. परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता पेंटरांनी इथंच कॅमेरा घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 साली ती पुण्याला गेली. हे सगळं पुस्तकांत आहे. मला सांगायचाय तो आमच्या गल्लीतला पिक्चर. आणि तोही उलटा.

(दृश्य: अरुंद गल्ली. तालमीची खिडकी, समोर विजेचा खांब.)

1984-85 चा सुमार. गणपतीत मंडळ पिक्चर आणायचं. तालमीच्या खिडकीच्या गजाला एक दोरी, समोरच्या खांबाला दुसरी, मधे पांढरा पडदा. वारं आलं की हिरॉइनच्या पोटात खड्डा पडायचा. सहा वाजल्यापासून बायकांच्या चटया आणि म्हाताऱ्यांची पोती पुढची जागा धरून बसायची. आम्हा पोरांना तिथं थारा नव्हता. मग आम्ही पडद्याच्या मागच्या अंगाला, बुडाखाली चपला घेऊन.

थिएटरचा पडदा मागं बसून बघता येत नाही. त्याला बारीक भोकं असतात, पण ती मागच्या स्पीकरचा आवाज पुढं यावा म्हणून. आमचा पडदा साधं कापड. निम्मा उजेड पुढं परतायचा, निम्मा आरपार आमच्याकडं यायचा. पिक्चर तोच, थोडा अंधुक, आणि डाव्याचं उजवं झालेला.

मशिनवाला म्हणजे आमचा खरा हिरो. 16 मिलिमीटरचं मशिन, सेकंदाला 24 चित्रं. मोठं रीळ पाऊण तासाच्या आत संपायचं. ते बदलेपर्यंत पडद्यावर नुसता पांढरा चौकोन, आणि त्यात आमच्या बोटांचे कुत्रे, हरणं, मोर. पुढून शिव्या यायच्या. एकदा कुणीतरी रिळांचा क्रम चुकवला आणि मेलेला बाप पुढच्या रिळात जेवायला बसला. एका आजीनं हात जोडले.

(दृश्य: पांढऱ्या कापडावर हाताच्या सावल्या.)

उलट्या बाजूनं काय दिसतं? शर्टाचा खिसा उजवीकडं. गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, पण इंग्रजीतली ए, टी, ओ, एच तशीच्या तशी. आम्हाला तेवढीच नीट वाचता यायची. आणि हिरो? झाडून सगळे डावखुरे! डाव्या हातानं ठोसा, डाव्या हातानं पिस्तूल. डावखुऱ्यांनाच पिक्चरमधे घेतात, असा माझा पक्का समज झाला. मी डाव्या हातानं जेवायला लागलो. आईनं लाटणं दाखवलं, तेव्हा कुठं ते थांबलं.

एकटा अमिताभ तेवढा उजवा. इतक्या डावखुऱ्यांत हा एकच सरळ माणूस, म्हणूनच सगळ्यांत मोठा, हेही मी मित्राला पटवून दिलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग सातवीत असताना काका थिएटरात घेऊन गेले. रीतसर तिकीट, रीतसर पुढून. बाकी सगळे उजव्या हाताचे, आणि अमिताभ सणसणीत डाव्या हातानं हाणतोय! मला मारामारी दिसेचना, नुसते हातच दिसत होते. दुसऱ्या दिवशी मित्राला सांगितलं, तर तो हटून बसला. म्हणाला, ‘‘थिएटरवाल्यांनी रीळ उलटं लावलं आसंल.’’ शेवटी पैज लागली. जो चुकेल त्यानं गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक ग्लास दूध पाजायचं. तिथं म्हैस समोर पिळतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. पैज मी जिंकली, पण ग्लास काही मिळाला नाही. मित्राचं म्हणणं एकच, ‘‘मला उजवा तूच सांगितलावतास. मग चुकलं कोण?’’

त्याचं अगदीच खोटं नव्हतं.

(दृश्य: गणपतीतली रात्र. मंडळाचा एलईडी पडदा.)

परवाच्या गणपतीत त्याच गल्लीत एलईडीची भिंत उभी होती. लख्ख चित्र, वारं आलं तरी ढिम्म. खुर्च्या मोकळ्या होत्या, तरी पाय आपसूक मागं वळले. मागं लोखंडी सांगाडा, काळे डबे, वायरींची जाळी. त्यांच्यातून गरम हवा येत होती. चित्राचा मागमूस नाही.

मित्र शोधत आला. डोक्यावर केस नावालाच राहिलेत. ‘‘काय बघालायस रे हितं?’’

‘‘डावखुरा हाय का बघतोय.’’

तो हसला, गाडीला किक मारली. ‘‘चल, बस मागं.’’

(दृश्य: गंगावेस, रात्र. दिव्याखाली म्हशी उभ्या.)

दोन ग्लास सांगितले. पैसे कुणी द्यायचे, यावर अजून वाद चालू आहे.