काचेचे स्पंज आणि नांगराची तासं

नमस्कार श्रोतेहो.

रीफ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उथळ निळंशार पाणी, रंगीबेरंगी पोवळी आणि त्यातून सुळसुळणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. तुमचा दोष नाही. कॅलेंडरवाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी आपल्याला तेवढंच दाखवलं. आज मी ज्या रीफबद्दल बोलणार आहे, तिथे ऊन पोचत नाही, पाणी गारढोण असतं आणि ती पोवळ्यांनी बांधलेली नाही. ती बांधली आहे स्पंजांनी. काचेच्या स्पंजांनी, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या अशा प्राण्यांनी, ज्यांचा सांगाडाच काचेसारख्या सिलिकाचा असतो.

रीफ म्हणजे सजीवांनी बांधलेली वस्ती, एवढं धरून चला. कुठे ती पोवळी बांधतात, कुठे कालवं, कुठे नळ्यांत राहणारे किडेसुद्धा. आधीचे मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर पुढचे बसतात, मजल्यावर मजला चढतो. मग फटीफटींतून खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं राहायला येतात. झालं. व्याख्या संपली. आता गोष्ट ऐका, कारण खरं सांगायचं तर मी आलोय ती गोष्ट सांगायला.

साल १९८७. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापाशी, ब्रिटिश कोलंबियाजवळच्या हेकेट सामुद्रधुनीत, भूगर्भशास्त्रज्ञ समुद्रतळाचा नकाशा करत होते. नीट ऐका, भूगर्भशास्त्रज्ञ. जीवशास्त्रज्ञ नव्हेत. बोटीवरून आवाज खाली सोडायचा, तो तळावर आपटून परत येतो, त्यावरून खाली काय आहे ते वाचायचं. दगड एका तऱ्हेने बोलतो, वाळू दुसऱ्या. आणि इथे मध्येच असे उंचवटे लागले, की जे धड बोलेनातच. आवाज आत जिरायचा. कागदावर नुसते धूसर ढिगारे. किम कॉनवे, वॉन बॅरी ही मंडळी त्या कागदांवर डोकं खाजवत बसली. नुसता गाळ म्हणावा, तर गाळ असा ढीग करून उभा राहत नाही. खडक म्हणावा, तर खडक असा गप्प बसत नाही.

पुढे नमुने आले, फोटो आले आणि उलगडा झाला. ते स्पंज होते. हजारो वर्षं एकावर एक बसलेले. काही ठिकाणी उंची २० मीटरच्या वर. तळाशी वय मोजलं, तर सुमारे ९,००० वर्षं.

आता यात एवढं काय, असं वाटेल. सांगतो. काचेचा एकेकटा स्पंज खोल समुद्रात सापडतो, ते माहीतच होतं. पण त्यांनी बांधलेली रीफ? ती फक्त दगडात होती. जुरासिक काळात, म्हणजे सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, तेव्हाच्या टेथिस महासागराच्या कडेने अशा रीफचा पट्टा होता, ७,००० किलोमीटरचा. आजची ग्रेट बॅरिअर रीफ सुमारे २,३०० किलोमीटर आहे. तिच्या तिप्पट! स्पेनपासून रुमानियापर्यंत त्याचे अवशेष मिळतात. दक्षिण जर्मनीत त्या दगडाच्या कड्यांवर जुने किल्ले उभे आहेत. सगळ्यांची समजूत अशी, की या रीफ कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपल्या.

आणि आता माझा आवडता माणूस येतो. मानफ्रेड क्राउटर. जर्मनीतल्या स्टुटगार्टचे जीवाश्मतज्ज्ञ. त्यांचा विषयच मुळी दगडातल्या स्पंजांच्या रीफ. हातोडा घेऊन कडे फोडायचे आणि दगडावरच्या नक्षीवरून पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र मनात उभा करायचा. १९९९ साली हेच क्राउटर कॅनडाच्या मंडळींबरोबर ‘डेल्टा’ नावाच्या पाणबुडीतून खाली गेले. छोटीशी पाणबुडी, माणसं मावतात दोन. चालवणारा बसतो आणि पाहणारा खाली पोटावर पालथा पडून काचेच्या खिडकीला नाक लावतो. असे पालथे पडून दीडशे-दोनशे मीटर खाली जायचं. अंधार. गार. आणि मग दिव्याच्या उजेडात समोर उभी राहते ती वस्ती, जी आजवर फक्त दगडात पाहिली. पांढुरके, पिवळसर, केशरी स्पंज. कुणी पेल्यासारखा, कुणी फुलदाणीसारखा, कुणी ढगासारखा फुललेला. आणि जिवंत! पाणी आत घेतायत, गाळून बाहेर सोडतायत.

पोथीत ज्याचं वर्णन वाचलं, तोच दारात येऊन उभा राहावा, तसं झालं असेल. त्या क्षणी ते काय बोलले, मला ठाऊक नाही आणि विचारायची इच्छाही नाही. मी त्यांच्या जागी असतो तर काहीच बोललो नसतो.

जाता जाता एक सांगून टाकतो. ही रीफ हाती लागली कशी? दगडवाल्यांनी नकाशा केला, जीववाल्यांनी जीव ओळखले, जीवाश्मवाला सातासमुद्रापलीकडून आला. विद्यापीठांत या तीन विभागांच्या तीन इमारती असतात आणि तीन वेगळी कँटीन. माझं स्पष्ट मत आहे, कँटीन एकच ठेवा. निम्मे शोध तिथेच लागतील. असो.

तर त्याच सुमारास तळाच्या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. रेघा. लांबच लांब, जोडीजोडीने जाणाऱ्या समांतर रेघा. त्या होत्या ट्रॉल जाळ्यांच्या, म्हणजे मासे धरायला बोटीमागून तळावर ओढत नेतात त्या जाळ्यांच्या. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना जड लोखंडी फळ्या असतात, त्या तळ खरवडत जातात. नांगराचं तास असतं ना, तसं. तास म्हणजे घड्याळाचा नव्हे हं, नांगराचं.

आणि इथे मला या गोष्टीतली सगळ्यात विलक्षण बाब सांगायची आहे. ही रीफ तिथे उगवली कशामुळे? तासांमुळेच! हिमयुगाच्या शेवटी प्रचंड हिमनग या तळाला घासत गेले, खोल तासं पाडली, कडेला दगडगोटे उघडे पडले. स्पंजाच्या अळीला चिखल चालत नाही, बसायला काहीतरी टणक लागतं. ती त्या दगडगोट्यांवर बसली आणि ९,००० वर्षांचं बांधकाम सुरू झालं. म्हणजे पुन्हा सांगतो: पहिली तासं बर्फाची, त्यांनी वस्ती वसवली. दुसरी तासं जाळ्यांची, त्यांनी वस्ती मोडली.

मोडणं म्हणजे नुसतं चिरडणं नव्हे. जाळं शेजारून गेलं, तरी गाळ उडतो. काचेच्या स्पंजाला मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. पण त्याच्या अंगातला पेशींचा बराचसा थर सलग आहे, मधल्या भिंतींशिवाय, आणि त्यातून विजेचा संदेश धावतो. हे संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवलं. गाळ आला, की संदेश जातो आणि पाणी आत ओढणारा सगळा पंप बंद. आपण धुळीत श्वास रोखतो तसा. पंप बंद म्हणजे खाणं बंद, ऑक्सिजन बंद. किती वेळ रोखणार?

माणसाने काही केलं का? केलं. आधी मच्छीमारांनी आपणहून ती जागा टाळावी असं ठरलं. ते पुरलं नाही. २००२ साली तिथे ट्रॉलिंगला बंदी आली आणि २०१७ साली २,४१० चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. आपणहून टाळण्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. मला स्वतःला डॉक्टरांनी मीठ आपणहून टाळायला सांगितलंय, त्याचं काय झालं ते घरचे सांगतील.

आता परिसरशास्त्रज्ञ दूरनियंत्रित यंत्रं खाली सोडतात, कॅमेऱ्याने तोच तुकडा पुन्हा पुन्हा टिपतात, एकेक स्पंज मोजतात, कोणत्या फटीत कोण राहतं ते लिहून ठेवतात. कंटाळवाणं काम आहे आणि टीव्हीवर कधीच दिसणार नाही. अशाच एका प्रयोगात त्यांनी रीफच्या काही छोट्या जागा मुद्दाम इजा करून पाहिल्या. कुठे स्पंजाचा तुकडाच कापला, कुठे जागा चिरडली. कापलेलं भरून आलं. चिरडलेल्या जागेकडे तीन वर्षांनी कॅमेरा पुन्हा गेला, तेव्हा ती होती तशीच होती. अळीला बसायला काचेचा उभा सांगाडा हवा होता आणि तिथे होता नुसता भुगा.

वेळ संपली, असा इशारा समोरून होतोय. नमस्कार.