आंबट द्राक्षे कोणी खाल्ली?

जालन्याच्या परिसरात नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली. ते ब्राह्मण घरात जन्मले आणि १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण निजामाच्या राज्यातील या भागात त्यांची शिकवण ज्यांनी मनावर घेतली, त्यांत मांग आणि महार कुटुंबे होती. तुमचा हा जन्म म्हणजे मागच्या पापाची फेड आहे, असे ज्यांच्या वाडवडिलांना ऐकवले गेले, त्यांच्या नातवंडांना आज एखाद्या प्रार्थनासभेत ‘तुमच्या घरावर पिढीजात शाप आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा पवित्र शास्त्र नेमके काय म्हणते हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

शाप सांगणारे बहुधा बायबलातील निर्गम या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायाचा आधार घेतात. परमेश्वर आपला द्वेष करणाऱ्यांच्या बाबतीत वडिलांच्या अन्यायाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत विचारतो, असे तेथे आहे. मात्र ‘द्वेष करणाऱ्यांच्या’ ही अट सांगताना गाळली जाते, आणि लगेच पुढे हजारो पिढ्यांवर दया करण्याचे वचन आहे, तेही राहून जाते. शिवाय पणजोबापासून पणतूपर्यंत सगळे एकाच छपराखाली नांदत असत, त्या काळातले हे बोल आहेत. घरच्या कर्त्याने धरलेली वाट साऱ्या घराला चालावी लागे.

न्यायनिवाड्याचा नियम मात्र वेगळा आणि स्पष्ट आहे. मुलांच्या पापासाठी बापाला आणि बापाच्या पापासाठी मुलांना जिवे मारू नये, असे बायबलातल्याच अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. प्राचीन यहूदा राज्याचा राजा अमस्या याने हा नियम पाळला. त्याचा बाप योवाश याला चाकरांनीच ठार केले होते. राज्य हाती स्थिरावल्यावर त्याने त्या मारेकऱ्यांना देहदंड दिला, पण त्यांच्या मुलांच्या केसालाही धक्का लावला नाही. वैऱ्याचे घरच्या घर कापून काढणारे राजे याच ग्रंथांत भेटतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या संयमाचे मोल कळते.

इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदातून बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेले लोक म्हणत, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले. कोवळी चिंच खाणाऱ्या कोणालाही ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही. त्यांच्यातच राहणाऱ्या यहेज्केल संदेष्ट्याने ही म्हण यापुढे उच्चारायची नाही, असे परमेश्वराच्या नावाने बजावले: जो पाप करील, तोच मरेल.

दावीद राजाच्या पापानंतर त्याचे तान्हे मूल मेले, ही कथाही त्याच शास्त्रात आहे, आणि ती सोपी करून सांगता येत नाही. बापाच्या करणीची झळ लेकरांना लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. बापाने दारूपायी शेत घालवले, तर पोरगा ऊसतोडीला जातो. पण झळ लागणे आणि दोषी ठरणे यांत मोठे अंतर आहे. आदाम या पहिल्या माणसाच्या मूळ पापाबद्दल पंथापंथांत मतभेद आहेत. तरीही १९९२ मध्ये मंजूर झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो, की त्याच्या वंशजांच्या ठायी ते वैयक्तिक अपराधाच्या स्वरूपाचे नसते. आजोबांनी कोणते देव पुजले याची चौकशी करून आजारी लेकराच्या आईला अपराधी ठरवणे तर या शिकवणीत कुठेच बसत नाही.

शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून येशूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे येशूने उत्तर दिले आणि त्याला दृष्टी दिली. पुढे परुशी या यहूदी पंथाच्या लोकांनी त्याच्या आईबापांना बोलावून उलटतपासणी केली, ‘तू तर संपूर्णपणे पापात जन्मलास’ असे त्याला सुनावले आणि बाहेर घालवले. त्याला घालवून दिल्याचे कानावर येताच येशू स्वतः जाऊन त्याला भेटला.